खो कोनले देऊ?

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, हा समज खानदेशाबाहेरच्या लोकांचा असावा. आमच्याकडे मे महिन्यात रात्री घरात कोणी नसतंच. अख्खं गाव गच्चीवर नाहीतर ओट्यावर. शेजारी पाण्याचा तांब्या आणि तोंडात राजकारण. एवढ्या गर्दीत भुताची काय बिशाद? खरा शुकशुकाट असतो तो भर दुपारी. जेवणं झालेली, कूलर घरघरतोय, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. धरणगावच्या लीलाधर बडगुजरांचं जे झालं, ते असल्याच एका दुपारी, लख्ख उन्हात झालं.

लीलाधरनानांनी सगळी नोकरी जिनिंगमध्ये काट्यावरचा कारकून म्हणून केली. कापूस यायचा, गाडी काट्यावर चढायची, नाना वजन लिहायचे. जिनिंग बंद पडली आणि नाना घरी बसले. निवृत्त माणसाचं राज्य कसं आटत जातं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आधी कपाटातला कप्पा जातो, मग टीव्हीचा रिमोट जातो, मग घरातल्या चर्चेतलं मत जातं. नानांकडे शेवटी एक खुर्ची उरली होती. पुढच्या खोलीत, भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून ठेवलेली. तिथे बसलं की रस्ता दिसायचा, आणि रस्त्यावरचा प्रत्येक जण ‘राम राम नाना’ म्हणायचा. ती खुर्ची होती तोवर नाना घरातले कोणीतरी होते.

त्या दिवशी सकाळी त्या खुर्चीवरच संकट आलं. सूनबाईंनी, म्हणजे दिपमालाने, सोफासेट पसंत केला होता.

“नाना, तुमची खुर्ची मागच्या खोलीत ठेवू ना? तिकडे हवा छान येते.”

“छान येते ना? मग सोफा तिकडे ठेव.”

मुलगा नवल मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, “एका खुर्चीवरून काय नाना एवढं...”

“एका खुर्चीवरून दिल्लीत सरकारं पडतात.”

नानांच्या पत्नी, प्रमिलाबाई, डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून आत तांदूळ चाचपत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, बसणारे तुम्ही एकटे. कुठे का बसेना.”

हे मात्र नानांना लागलं. “मागच्या खोलीत बसलेला माणूस जेवणाची हाक येईपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही,” ते म्हणाले. “माझी जागा सोडून मी उठणार नाही.”

तेवढ्यात रतनशेठचा फोन आला. रतनलाल जैन म्हणजे कापडाचे मोठे व्यापारी आणि क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. स्वतः आयुष्यात कधी धावले नव्हते. पण धावणाऱ्यांना बनियन त्यांच्याच दुकानातून जायचे.

“नाना, रविवारी सकाळी खो-खो हॉलचं उद्घाटन. विस्मरणात गेलेल्या जुन्या खेळाडूंचा स्मृतिस्तंभ करतोय आपण. मॅट आली, लाईट आले, पाहुणे ठरले. फक्त खेळाडू सापडत नाहीयेत.”

“विस्मरणात गेलेत ना, शेठ.”

“तेच तर! म्हणून तुम्हाला भाषणाला बोलावलं. तुम्ही म्हणजे चालता-बोलता इतिहास.”

“बोलायचं बघू. चालणं सध्या गुडघ्यांनी बंद केलंय.”

“आणि एक काम करा. जिनिंगमागच्या मैदानावर तो जुना लाकडी खांब अजून आहे का, बघून फोटो पाठवा. असला तर उपटून आणू आणि हॉलच्या दारात उभा करू.”

संध्याकाळी जायला काहीच हरकत नव्हती. पण रागावलेला माणूस ऊन बघत नाही. नानांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं, नवलची जुनी स्कूटी काढली आणि ‘जेवायला थांबू नका’ असं, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, जाहीर करून ते निघाले.

मैदान गावाबाहेर होतं. मागे बंद जिनिंगचे पत्रे उन्हाने तडतडत होते. जुन्या सरकीचा खवट, तेलकट वास अजूनही तिथल्या मातीतून यायचा. कडेच्या निंबाखाली भागाबाई शेळ्या घेऊन उभी होती. नानांच्या लक्षात आलं, एवढ्या उन्हात, सावली असून, एकही शेळी बसलेली नव्हती.

“राम राम, भागाबाई. शेळ्या बसत नाहीत का आज?”

“अठे नै बसतस त्या, नाना.” भागाबाईने पदराने तोंड पुसलं. “फोटो काढना शे का? काढा. पन तठे मझार, फरशीवर, बसू नका बरं.”

“का? साप शे का?”

“साप ऱ्हाता ते बरं व्हतं. सापले काठी तरी मारता येस.”

नाना हसले. खांब अजून उभा होता, कललेला, उन्हापावसाने करडा पडलेला. आणि मधल्या रेघेवरचे आठ चौकोनही तसेच होते. जिनिंगच्या पूर्वीच्या मालकाने हौसेने तिथे शहाबादी फरश्या बसवल्या होत्या. गवत वाढलं, पण फरश्या हलल्या नाहीत.

आता खो-खो कोणाला समजावून सांगायचा म्हणजे अपमानच. तरी सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. आठ गडी एका रेघेत बसतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. नववा उभा असतो. तो पळणाऱ्याचा पाठलाग करतो. त्याला मधली रेघ ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की माघारी वळता येत नाही. वळायचं तर खांबाला वळसा घालूनच. दमला, की बसलेल्या गड्याच्या पाठीला मागून हात लावून ‘खो’ म्हणायचं. तो गडी उठतो, आणि खो देणारा त्याच्या जागेवर बसतो. दुसरा कुठला मार्ग त्याला बसायला नाही.

या मैदानाची एक गोष्ट होती. तोताराम मास्तरांनी ती नानांना शाळेत असताना सांगितली होती. फार जुन्या काळी, खेळाचे नियम अजून पक्के व्हायचे होते तेव्हा, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा पुना नावाचा एक गडी होता. तेव्हा पळणारा खांबापलीकडे गेला की सुटलाच म्हणायचे. पुनाने एका सामन्यात एका हाताने खांब धरला, सगळं अंग हवेत झोकून दिलं आणि पलीकडचा गडी टिपला. असा सूर कोणी कधी पाहिला नव्हता. बाहेरगावहून आलेल्या पंचांनी शिट्टी मारली. म्हणाले, हा खो-खो नाही, ही माकडचेष्टा आहे. सामना रद्द. संघाच्या कप्तानाने शरमेने खूण केली, आणि बसलेले आठही गडी उठून निघून गेले.

पुना खांबापाशी उभा राहिला. तो पंचांना म्हणाला, “मी उभा शे, साहेब. मना बठ्ठा गडी उठी गयात. आते मी खो कोनले देऊ?”

पंच हसले. लोकही हसले. पुना मात्र त्या दिवसानंतर कुठेच बसला नाही. उभ्यानेच जेवायचा, उभ्यानेच गाठी मोजायचा, रात्री खांबाला टेकून डोळे मिटायचा. एका सकाळी तसाच खांबाला धरून उभा सापडला; अंग गार झालं होतं, पण गुडघे वाकले नव्हते. पुढे काही वर्षांनी तोच सूर मोठमोठ्या मैदानांवर दिसू लागला, टाळ्या घेऊ लागला. आज टीव्हीवर पोरं तो मारतात तेव्हा चित्र हळू करून दोन-दोनदा दाखवतात. पुनाचं नाव तेवढं कुठे आलं नाही.

नानांनी फोटो काढले. मग त्यांची नजर चौथ्या फरशीवर गेली. ती त्यांची जागा. शाळेच्या संघातून ते कायम तिथेच बसायचे. मनात आलं, बघू तरी, जमतं का अजून. घरातल्या खुर्चीवरून एवढं बोलणं खाल्लेल्या माणसाला स्वतःची जुनी जागा दिसली की असं व्हायचंच. ते चपला काढून, गुडघे कुरकुरवत फरशीवर उकिडवे बसले. एक पाय मागे, बोटं जमिनीला टेकलेली, मान खाली. फरशी तव्यासारखी तापली असेल असं वाटलं होतं. ती गार होती.

पत्र्यांची तडतड थांबली. वारा थांबला. सरकीचा वास एकदम दाट झाला, जणू कोणी घामेजल्या अंगाने जवळ आलं होतं...

पाठीवर हात पडला. सबंध पंजा. ऊन नाही, गार नाही. जुन्या गोणपाटासारखा कोरडा. आणि कानाशी, अतिशय दमलेल्या आवाजात...

“खो.”

दुसरा कोणी असता तर त्याने मागे वळून पाहिलं असतं, किंचाळला असता आणि वाचला असता. पण नाना खो-खोचे गडी होते. “खो लागला की मागे बघायचं नाही, उठायचं!” असं म्हणत तोताराम मास्तरांनी निंबाच्या फोकाने त्यांच्या पोटऱ्यांत जे भिनवलं होतं, ते एवढ्या वर्षांत गेलं नव्हतं. कळायच्या आत नाना उठले आणि धावत सुटले.

खरं सांगायचं तर पहिल्या काही क्षणांत त्यांना फार आनंद झाला. गुडघे दुखत नव्हते. पाय पिसासारखे पडत होते. ते खांबापाशी पोचले, खांबाला हात घालून वळले, आणि मग त्यांना आपली चौथी फरशी दिसली.

तिथे कोणीतरी बसलं होतं. नानांचाच चौकड्यांचा सदरा, डोक्याला नानांचंच उपरणं. नानांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. सदरा त्यांच्याही अंगात होता, पण उन्हात ठेवलेल्या जुन्या फोटोसारखा विटलेला. आणि त्यांची सावली पडत नव्हती.

“नाना!” निंबाखालून भागाबाई ओरडली. ओरडली ती फरशीवर बसलेल्याला. “उठा हो! मी सांगे ना तुमले, तठे बसू नका!”

तो उठला. सावकाश, अंगावरची धूळ झटकत. “बसलो नाही, भागाबाई,” तो नानांच्या आवाजात म्हणाला, “जरा टेकलो.” मग त्याने नानांच्या चपला पायांत सरकवल्या, नानांच्या खिशातली किल्ली नानांच्याच स्कूटीला लावली, आणि गावाकडे निघून गेला. भागाबाईच्या शेळ्या एकामागून एक खाली बसल्या.

“भागाबाई!” नाना ओरडले. “अहो, मी इथे आहे!”

भागाबाईने मान खाजवली आणि आभाळाकडे पाहिलं.

नाना चालत निघाले. वाटेत रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर टेकायला गेले तर गुडघे वाकेनात. दुखत नव्हते, फक्त वाकत नव्हते. दाराची बिजागरी गंजावी तसे. गल्लीचं वळण आलं, पण ते चुकून चार पावलं पुढे गेले, आणि मागे फिरता येईना. पाय पुढेच पडत होते. तसेच चालत ते विजेच्या खांबापर्यंत गेले, त्याला वळसा घातला, तेव्हा कुठे माघारी येता आलं. गावात नगरपालिकेने खांब पुरेसे लावलेले नाहीत, अशी तक्रार नानांनी पूर्वी केली होती. तिची खरी तीव्रता त्यांना त्या दिवशी समजली.

एसटी स्टँडवर लोक बाकांवर बसले होते. ओळीने, पाठी करून. नानांचा उजवा तळहात एकदम खाजू लागला. सगळ्या पाठी जणू त्यांनाच खुणावत होत्या. ते एका बाईच्या मागे उभे राहिले मात्र, ती दचकून खांदा चोळू लागली आणि लेकराला घेऊन दुसरीकडे जाऊन बसली. तेव्हा नानांना सगळं समजलं. त्यांना बसता येणार होतं, कोणालातरी उठवून.

ते हात काखेत दाबून तिथून निघाले.

घरी पोचले तेव्हा चहाची वेळ झाली होती. दार उघडं होतं. खुर्चीत तो बसला होता. हुबेहूब नाना, फक्त बसणं नानांचं नव्हतं. नाना खुर्चीत तक्रार केल्यासारखे बसायचे. हा बसला होता तो फार लांबून चालत आलेला माणूस बसतो तसा, सगळं अंग सोडून, डोळे अर्धे मिटून. त्याचं तोंड दाराकडे होतं. तो सरळ नानांकडे बघत होता.

“नाना, चहा,” दिपमाला म्हणाली.

“ठेव, बेटा. आणि सोफा येऊ दे हो. माझं काय, मला टेकायला जागा मिळाली म्हणजे झालं.”

नवलने चक्क मोबाईलमधून मान वर काढली. घरात जो आनंद पसरला, तो उंबऱ्यात उभ्या असलेल्या नानांनी डोळ्यांनी पाहिला. ते ओरडले, हात हलवले, नवलला बापाच्या हक्काने शिव्या घातल्या. नवलने उठून पंखा वाढवला.

खुर्चीच्या मागे जायला जागा नव्हती. ती भिंतीला टेकलेली होती. आणि समोर बसलेल्याला खो देता येत नाही. खो मागूनच द्यायचा असतो.

सगळे आत गेल्यावर खुर्चीतल्याचे ओठ हलले. आवाज नानांचा नव्हता आता.

“बस ना, भो...”

“माझी जागा सोड,” नाना म्हणाले.

“कितला उभा ऱ्हायनू मी... तुले ठाव नै.” त्याने आतल्या खोलीकडे हळूच मान वळवली. तिथे नवल पाठ करून जेवणाच्या टेबलाशी बसला होता, त्याच्या शेजारी दिपमाला, आणि खाली पाटावर प्रमिलाबाई. “मना बठ्ठा गडी उठी गयथात. तुना ते बठेल शेतस...”

नाना त्या बसलेल्या पाठींकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले, पण पापण्यांआडही त्या पाठीच दिसत राहिल्या.

पुढचे दिवस ते घराभोवती फिरत राहिले. कोपऱ्यावरच्या खांबाला वळसा, पुन्हा दार, पुन्हा खांब. घरातलं सगळं सुरळीत चाललं होतं, हेच जास्त लागत होतं. सोफा आला. खुर्ची कोणी हलवली नाही. उलट दिपमालाने तिच्यावर उशी ठेवली. तो वाढलेलं सगळं जेवायचा, कशालाच नावं ठेवत नव्हता. एके दिवशी त्याने प्रमिलाबाईंच्या वांग्याच्या भरिताची स्तुती केली.

“दिपमाला, हे बरे नाहीत गं,” प्रमिलाबाई स्वयंपाकघरात पुटपुटल्या.

“बरेच तर आहेत, आई. किती छान वागतात!”

“तेच म्हणते मी. इतक्या वर्षांत मीठ बरोबर आहे असं एकदा म्हणाले नाहीत.”

नानांना खिडकीबाहेर रडू आलं. पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या खवचटपणाचा अभिमान वाटला.

त्यांना एकच आशा होती. रविवारची. भुतांच्या गोष्टी त्यांनीही पुष्कळ वाचल्या होत्या. त्यांत असंच असतं: अन्याय झालेला असतो, कोणीतरी त्याची दखल घेतं, नाव कोरलं जातं, आणि आत्मा शांत होऊन निघून जातो. नानांनीच मागे रतनशेठला सांगितलेलं पुनाचं नाव स्तंभावर आलं की पुना उठेल. उठावंच लागेल.

रविवारी सकाळी हॉल भरला. मधोमध निळी मॅट, तिच्या दोन टोकांना दोन नवे चकचकीत खांब. व्यासपीठावर रतनशेठ, पाहुणे, आणि तो. नाना मॅटच्या कडेला उभे होते.

भाषण त्यानेच केलं, आणि तेही बसूनच. गुडघ्यांचं कारण सांगून. लोकांना सवलत द्यायला आनंदच वाटला. त्याने जुने गडी सांगितले. बिनबुटांचे, बिनपगाराचे, ज्यांनी काट्यांवर धावून खेळाला वळण लावलं आणि ज्यांचे डाव इतरांच्या नावावर गेले ते. शेवटी तो म्हणाला, “आणि खांबावरून पहिला सूर मारणारा गडी याच मातीतला. पुना.”

पडदा ओढला. काळ्या दगडावर सगळ्यांत वर तेच नाव होतं. टाळ्या पडल्या. रतनशेठ रडले, पण ते प्रत्येक कार्यक्रमात रडतात. मग जाहीर झालं, “या सर्व खेळाडूंना श्रद्धांजली वाहण्यासाठी कृपया सर्वांनी उभं राहावं.”

सबंध हॉल उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नाना सगळ्यांसारखे दिसत होते. त्यांनी व्यासपीठाकडे पाहिलं. ऊठ, ते मनात म्हणाले. झालं ना आता... ऊठ.

तो बसून होता. सगळे त्याच्या नावासाठी उभे होते, आणि तो दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसला होता. त्याने दगडाकडे साधं पाहिलंही नाही. तेव्हा नानांच्या लक्षात आलं की वाचलेल्या सगळ्या गोष्टी चुकीच्या होत्या. त्याला नाव नको होतं. त्याला बसायचं होतं.

लोक खाली बसले. खुर्च्यांचा आवाज विरला. नानांना एक गोष्ट दिसली: व्यासपीठावरची खुर्ची भिंतीला टेकलेली नव्हती. तिच्या मागे कापडी पडदा होता, आणि पडद्यामागे माणूस जाईल एवढी जागा. मॅटवरच्या खांबाला वळसा घालून नाना निघाले, पायऱ्या चढले, पडद्यामागे शिरले. काळोख होता. नव्या रंगाचा वास येत होता, आणि त्याच्या खाली सरकीचा. खुर्चीच्या बरोबर मागे पडद्याला फट होती. नानांनी ती हळूच रुंद केली, उजवा हात उचलला...

मागूनही तो त्यांच्याकडेच तोंड करून बसला होता.

“नै जमाव, भो,” तो हळूच म्हणाला. पलीकडून तोच आवाज पाहुण्यांशी चहाबद्दल बोलत होता.

नाना व्यासपीठाच्या दुसऱ्या बाजूने खाली उतरले. पाय पुढेच जात होते, खुर्च्यांच्या रांगांमधून, पाठींमधून, थेट शेवटच्या रांगेपर्यंत. तिथे कडेच्या खुर्चीत काळा चष्मा लावून प्रमिलाबाई बसल्या होत्या. दारातल्या खांबाला वळसा घालून नाना त्यांच्या मागे येऊन थांबले. ओळखीची पाठ. ब्लाऊजची शिवण डावीकडे जराशी उसवलेली. ती त्या कित्येक दिवस शिवणार होत्या.

“अहो...” प्रमिलाबाई मान न वळवता म्हणाल्या. “आलात ना?”

“तुला... ऐकू येतो मी?”

“डोळे अधू झाले, कान नाहीत. रोज उंबऱ्यापर्यंत पाय वाजतात तुमचे, तिथेच थांबतात. तो खुर्चीतला चालतो तेव्हा काहीच वाजत नाही.” त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली. “अजून उभेच आहात?”

“बसता येत नाही गं.”

“कळलंय मला. त्या भागाबाईला विचारून आले मी.” त्यांनी पदर नीट केला आणि पाठ ताठ केली. “द्या मला. तुम्ही बसा.”

“वेडी आहेस का?”

“द्या म्हणते ना. जन्मभर घरात उभीच होते मी. मला सवय आहे.”

नानांचा उजवा हात आपसूक वर येऊ लागला. तळहात जळत होता. त्यांनी तो डाव्या हाताने मनगटाला धरून खाली ओढला, काखेत कोंबला, आणि ओठ दातांखाली इतके दाबले की शब्दाला फट राहू नये. नाही. ही नाही. जन्मभर उभं राहू, पण ही नाही...

“खो.”

आवाज नानांचा नव्हता. त्यांच्या डाव्या अंगाला, अगदी लगत, कोणीतरी म्हटलं होतं. अतिशय दमलेलं कोणीतरी. प्रमिलाबाईंच्या पाठीवर, शिवणीच्या बाजूला, धुळीचा एक पंजा उमटला होता. सबंध, पाचही बोटांसकट.

प्रमिलाबाई उठल्या. त्या कधी खो-खो खेळल्या नव्हत्या, तरी उठल्या. त्यांच्या खुर्चीत तेवढ्यात कोणीतरी बसलं, डोक्यावरून पदर घेऊन, लांब सुस्कारा सोडत. पुढे रतनशेठ आभार मानत होते.

प्रमिलाबाईंनी अजून पाऊल उचललं नव्हतं; त्या वळल्या आणि काळा चष्मा काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणाची तरी नजर नानांच्या चेहऱ्यावर थांबली.

“तुम्ही दिलात?”

“नाही,” नाना म्हणाले. “शप्पथ, मी नाही.”

प्रमिलाबाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली. उजवीकडे सरकली, मग डावीकडे, मग आणखी मागे, हॉलच्या उघड्या दारापर्यंत आणि दाराबाहेरच्या उन्हात. नानांना मागे वळता येत नव्हतं. दारातला खांब मागे राहिला होता, आणि पुढचा लांब, मॅटवर होता. त्यांना फक्त ऐकू येत होतं... फार वेळ उभं राहिलेली माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतात, तसा आवाज.

“अहो...” प्रमिलाबाई कुजबुजल्या, “हे एवढे सगळे कोण उभे आहेत?”